सामना आधी बघू की सिंहासन? आणि सिटी ऑफ ड्रीम्सचं काय करायचं?

मावसभावाचा पोरगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने वेबसिरीज बघून बघून राजकारणाचा नाद लावून घेतलाय आणि आता त्याला "आपल्याकडचं जुनं काहीतरी दाखव काका" म्हणून हवंय. असं विचारणारे बरेच भेटतात आणि सगळ्यांची गाडी त्याच तीन नावांवर येऊन थांबते, सामना आणि सिंहासन हे दोन जुने मराठी पिक्चर, आणि नवीन हवं असेल तर सिटी ऑफ ड्रीम्स ही वेबसिरीज. तिन्ही महाराष्ट्राच्या राजकारणावर, तिन्हींत खुर्ची आहे, पण तिन्ही एकाच मूडमध्ये बघायला गेलात तर कुठलं तरी एक अर्ध्यात बंद कराल हे नक्की. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सामना. 1975 च्या बर्लिन फेस्टिव्हलला स्पर्धेत गेला होता. डॉ. जब्बार पटेलांचा डायरेक्टर म्हणून पहिलाच पिक्चर, लिहिला विजय तेंडुलकरांनी, पैसे घातले रामदास फुटाण्यांनी, तेच वात्रटिकावाले. गोष्ट एका ओळीची आहे. एक दारुडा, फाटका, कधीकाळी स्वातंत्र्याच्या चळवळीत असलेला म्हातारा मास्तर भटकत भटकत एका गावात येतो, तिथला सहकारसम्राट हिंदुराव धोंडे पाटील त्याला वाड्यावर ठेवून घेतो, आणि मग मास्तरच्या कानावर एक नाव पडतं. मारुती कांबळे. पुढचा अख्खा पिक्चर त्या एका प्रश्नावर चालतो, मारुती कांबळेचं काय झालं? बस.

आता हे ऐकून वाटेल की म्हणजे मर्डर मिस्ट्री आहे, तर तसं धरून बसू नका. कोणी मारलं, का मारलं हे लपवायची पिक्चरला काही घाईच नाही. मजा आहे ती हिंदुराव आणि मास्तर या दोघांच्या बसण्या-बोलण्यात. निळू फुले हिंदुराव आणि डॉ. श्रीराम लागू मास्तर. निळूभाऊंचा पाटील म्हटलं की लोकांना ते मिमिक्रीवालं "बाई वाड्यावर या" एवढंच आठवतं, पण इथे बघा, माणूस आवाज चढवत नाही. त्याला मास्तर आवडतो. खरंच आवडतो. आजूबाजूला सगळे जी-हुजूर करणारे, त्यात हा एकच माणूस न घाबरता बोलतोय, शिकलेला आहे, म्हणून तो त्याला हाकलत नाही, दारू पाजतो, आपला पसारा कौतुकाने दाखवतो, आणि तोच माणूस रोज सकाळी उठून तोच प्रश्न विचारतोय. एखाद्याने गावातली सगळी तोंडं बंद केली आणि मग स्वतःच्याच ओसरीवर एक उघडं तोंड आणून बसवलं, असा तो प्रकार आहे.

मी ऊसवाल्या पट्ट्यातला आहे त्यामुळे मला सामना जरा जास्तच लागतो हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडे कारखान्याच्या निवडणुकीत ज्याने विरोधी पॅनेलचा प्रचार केला त्याच्या उसाला तोड वेळेवर मिळायची नाही. नोंद असायची, चिटबॉयच्या (कारखान्याच्या ऊसनोंदी ठेवणाऱ्याच्या) वहीत नाव असायचं, पण ऊसतोडीची टोळी काही यायची नाही. उसाला तुरे यायचे, वजन घटायचं, आणि कोणी कोणाला काही बोललेलं नसायचं. मारहाण नाही, धमकी नाही, फक्त टोळी येत नाही. पिक्चरमधला हिंदुराव गुंड का वाटत नाही हे ज्याने असलं काही बघितलंय त्याला समजवावं लागत नाही. 1950 च्या आसपास प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यातून शेतकऱ्याच्या घरात खरोखर पैसा आला, शाळा आल्या, दवाखाने आले, हेही खरं आहे. म्हणून तर हिंदुराव नुसता खलनायक करून भागत नाही, त्याने गावाला दिलंय पण भरपूर.

मारुती कांबळे म्हणजे मोहन आगाशे. पडद्यावर फार वेळ नाही पण लक्षात राहतो. जाता जाता एक गंमत, डायरेक्टर बालरोगतज्ज्ञ, मास्तर कान-नाक-घशाचा सर्जन आणि मारुती मानसोपचारतज्ज्ञ, सगळे खरेखुरे डॉक्टर, दवाखाने सोडून गावाच्या दुखण्यावर पिक्चर काढत बसले होते.

सिंहासन 1979 चा. पुन्हा जब्बार पटेल, पुन्हा तेंडुलकरांची पटकथा, पण मूळ माल अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांचा, मुंबई दिनांक आणि सिंहासन. साधू स्वतः पत्रकार, त्यामुळे मंत्रालयातल्या कॉरिडॉरचा वास त्यांना नीट ठाऊक होता. मुख्यमंत्री जिवाजीराव म्हणजे अरुण सरनाईक. त्यांना एक फोन येतो की तुमच्या खुर्चीला धोका आहे. अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, म्हणजे लागू, आतून गट बांधतोय. आणि या सगळ्यांच्या मधून फिरतोय पत्रकार दिगू टिपणीस, म्हणजे निळू फुले.

हे लक्षात आलं का? सामन्यात जो सत्तेत बसला होता तो इथे झोळी लावून बातम्या गोळा करतोय, आणि जो प्रश्न विचारत फिरत होता तो आता खुर्चीसाठी गणितं मांडतोय. चार-पाच वर्षात दोघांनी जागा बदलल्या. म्हणून मी म्हणतो की हे दोन पिक्चर जोडीने बघायचे, आणि शक्यतो क्रम बदलायचा नाही. सामन्यात एक म्हातारा एकच प्रश्न विचारतो आणि अख्खी सत्ता अस्वस्थ होते. सिंहासनमध्ये दिगूला सगळंच माहीत आहे, कोण कोणाला भेटला, कोणाच्या बंगल्यावर कोणाची गाडी होती, कोण कितीला फुटणार, आणि त्या माहितीने कोणाच्या केसालाही धक्का लागत नाही. दोन पिक्चरच्या मधे आणीबाणी येऊन गेली. तिच्यामुळेच असं झालं असं मी ठामपणे म्हणणार नाही, पण पहिल्यात विचारण्यावर विश्वास आहे आणि दुसऱ्यात तो राहिलेला नाहीये, हे दोन्ही लागोपाठ बघितले की डोळ्यात भरतं.

पण अडचण पण सांगतो. सिंहासनमध्ये पात्रं खूप आहेत. मंत्री, आमदार, युनियन लीडर डिकास्टा (सतीश दुभाषी, काय काम केलंय!), स्मगलिंगवाले, मंत्र्यांच्या घरातली भानगड, छोट्याशा रोलमध्ये नाना पाटेकर पण दिसून जातो. पहिल्या अर्ध्या तासात कोण कोणाच्या गटात हे कळत नाही, मोबाईल हातात घेऊन बघायला बसलात तर संपलंच. मला पहिल्यांदा बघितला तेव्हा अर्धा कळला नव्हता आणि तरी उठावंसं वाटलं नाही, कारण सरनाईक. तमाशापटांचा हिरो माणूस, गाता गळा, आणि इथे असा शांत बसलाय की वाटतं याला काही कळतच नाहीये, आणि मग हळूहळू लक्षात येतं की खोलीत सगळ्यात जास्त यालाच कळतंय. लागूंचा दाभाडे सतत धावपळीत आणि हा खुर्चीत स्थिर.

दिगूचं शेवटचं हसणं तर तुम्ही पिक्चर न बघताही बघितलं असेल. 2019 चा पहाटेचा शपथविधी झाला तेव्हा आणि नंतरच्या फाटाफुटीच्या वेळी ती क्लिप प्रत्येक ग्रुपवर फिरत होती. पण ती क्लिप म्हणून बघणं वेगळं आणि अख्खा पिक्चर दिगूबरोबर पायपीट करून मग तिथे पोचणं वेगळं. क्लिप बघून हसू येतं, पिक्चरमध्ये नाही येत.

गाण्यांवरून ठरवणारे पण असतात (माझी बायको त्यातली), तर सामना भास्कर चंदावरकरांचा, कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे हे आरती प्रभूंचं आणि रवींद्र साठेंच्या आवाजातलं, शिवाय लताबाईंचं सख्या रे. सिंहासनला हृदयनाथ, सुरेश भट आणि आशाबाईंचं उषःकाल होता होता. मला विचाराल तर कुणाच्या खांद्यावर, रात्री एकटं असताना मात्र लावू नका.

आता सिटी ऑफ ड्रीम्स. 2019 ला आली, नागेश कुकुनूरची, तीन सीझन झाले. सुरुवातीलाच पक्षप्रमुख अमेयराव गायकवाडवर (अतुल कुलकर्णी) गोळ्या झाडल्या जातात, तो कोमात, आणि मुलगी पौर्णिमा विरुद्ध मुलगा आशिष अशी लढाई लागते. प्रिया बापट आणि सिद्धार्थ चांदेकर. दोघंही चांगले आहेत, प्रिया बापट तर मला अपेक्षेपेक्षा खूपच पुढची वाटली. आणि जगदीश गुरव झालेले सचिन पिळगावकर! बनवाबनवीतली सुधा डोक्यात बसलेल्या माणसाला हा थंड डोक्याचा राजकारणी पचवायला दोन एपिसोड जातात, पण मग जमतं.

ती हिंदीत आहे, मधेमधे मराठी. वेग आहे, प्रत्येक एपिसोडच्या शेवटी हूक आहे, एका रात्रीत चार भाग बघून होतात. माझी तक्रार एवढीच की त्यात राजकारण कमी आणि घराणं जास्त. मुंबई कोणाची यावर भांडण चालू असतं पण पाण्याची लाईन, पगार, संप, ऊस, दुष्काळ यातलं काही त्या भांडणात फारसं शिरत नाही. सिंहासनमध्ये डिकास्टाच्या मागे कामगार आहेत हे जाणवतं, सामन्यात हिंदुरावच्या मागे अख्खा तालुका आहे. इथे गायकवाडांच्या मागे गायकवाडच. पण पहिला सीझन बघा, मजबूत आहे, पुढे मला ओढल्यासारखी वाटली.

तर ठरवायचं कसं. तुम्ही वेबसिरीजवर वाढलेले असाल, ब्लॅक अँड व्हाईट बघायची सवय नसेल तर उगाच मोठेपणा करून डायरेक्ट सिंहासनला हात घालू नका, सामन्यापासून सुरू करा. त्यात माणसं कमी, एक गाव, एक प्रश्न, धरून ठेवायला सोपं. संवाद मात्र कान देऊन ऐकावे लागतात, आणि मी बघितलेल्या प्रिंटचा आवाज असा होता की हेडफोनशिवाय अर्धे शब्द जातात, त्यामुळे हेडफोन. सामना आवडला तर पुढच्याच आठवड्यात सिंहासन, फार गॅप ठेवू नका, नाहीतर ते निळूभाऊ-लागूंनी बाजू बदलल्याचं जे वाटतं ते वाटत नाही. ज्यांना रोजच्या बातम्यांचा, कोण कुठल्या गटात गेला याचा नाद आहे, त्यांनी खुशाल उलटं करावं, त्यांना सिंहासन पहिल्याच फटक्यात कळेल, नावं फक्त बदलून घ्यायची. सिटी ऑफ ड्रीम्स या दोघांच्या आधी बघितलीत तर चालेल, नंतर बघितलीत तर पांचट वाटेल असा माझा अंदाज आहे.

आणि घरच्या सगळ्यांना एकत्र बसवायचंय, आजी आहे, पोरं आहेत, कोणाला रडवायचं नाहीये, तर यातलं एकही लावू नका. 2020 चा धुरळा लावा, सरपंचपदाची निवडणूक, एकाच घरातले सगळे उभे, अलका कुबल, अंकुश चौधरी, सई ताम्हणकर, सिद्धार्थ जाधव, भरपूर दंगा आहे. शेवटाकडे जरा लांबतो, तेवढ्यात चहा टाकून घ्यायचा.