डेटा वेअरहाऊस अप्लायन्स: १४ महिने वापरून झाल्यावर

गेल्या वर्षी आम्ही ॲनालिटिक्ससाठी डेटा वेअरहाऊसचा (रिपोर्टसाठी सगळा डेटा एकत्र ठेवायच्या जागेचा) अप्लायन्स घेतला, म्हणजे सर्व्हर, डिस्क, नेटवर्क, डेटाबेस सगळं एकाच रॅकमध्ये आधीच जुळवून आलेलं. घ्यायच्या आधी मी रिव्ह्यू शोधत बसायचो आणि जे सापडायचे ते सगळे पहिल्या आठवड्यातले, "काय स्पीड आहे राव" छापाचे. अहो पहिल्या आठवड्यात स्पीड असणारच, डेटा थोडा, युझर दोन आणि व्हेंडरचा माणूस शेजारी खुर्ची टाकून बसलेला. म्हणून मुद्दाम थांबलो. मॉडेलचं नाव देत नाही कारण खाली ज्या कटकटी लिहिल्यात त्यातल्या निम्म्या आम्हीच ओढवून घेतल्या होत्या, आणि त्या कुठल्याही बॉक्सवर होतील.

आधी आमचं काय होतं, तर बिलिंगच्या डेटाबेसची एक कॉपी, त्याच्यावरच रिपोर्ट. विक्रीच्या टेबलात २०० कोटी रेकॉर्ड. महिनाअखेरचा मार्जिन रिपोर्ट रात्री ९ ला लावायचा आणि सकाळी देवाचं नाव घेऊन उघडायचा. इंडेक्स (रेकॉर्ड पटकन सापडावा म्हणून ठेवलेली सूची) टाकून टाकून अशी वेळ आली की इंडेक्सनीच टेबलापेक्षा जास्त जागा खाल्ली, आणि मग लोड (नवा डेटा आत भरणं) स्लो झाला म्हणून रोज रात्री इंडेक्स काढा, लोड करा, परत बांधा, हा वेगळाच उद्योग.

अप्लायन्स ही कल्पना तशी जुनी आहे. टेराडेटा कंपनीचं डीबीसी/१०१२ हे मशीन १९८४ चं, आणि त्या नावातलं १०१२ म्हणजे १० चा १२ वा घात, म्हणजे टेराबाइट. त्या काळी एवढा डेटा कोणाकडे होता! नंतर नेटेझावाल्यांनी इंडेक्सची भानगडच काढून टाकली आणि डिस्कमधून डेटा वर येतानाच नको असलेले कॉलम आणि रेकॉर्ड गाळायला एफपीजीए (हव्या त्या कामासाठी जुळवून घेता येणारी) चिप बसवली. ती कंपनी २०१० मध्ये आयबीएमनं घेतली. ओरॅकलचा एक्झाडेटा २००८ चा, तिथे हे गाळण्याचं काम स्टोरेज सर्व्हर करतात. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण विचार तोच की डेटाचे गठ्ठे उचलून प्रोसेसरकडे नेण्यापेक्षा काम डेटाच्या दारात न्यायचं.

आमच्या बॉक्समध्ये ४० स्लाइस आहेत, म्हणजे डेटाचा आपापला वाटा सांभाळणारे ४० भाग. टेबल बनवताना एक कॉलम सांगायचा, डिस्ट्रिब्युशन की, त्याचं हॅश करून (म्हणजे ठरलेल्या गणिताने त्यातून एक आकडा काढून) प्रत्येक रेकॉर्ड कुठल्या स्लाइसवर जाणार ते ठरतं. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आली की चाळीसही जण आपापला वाटा वाचतात आणि शेवटी सगळ्यांची बेरीज होते. ऐकायला सोपं, पण यातली ग्यानबाची मेख अशी की जो सगळ्यात मागे राहील त्याच्यासाठी बाकीचे ३९ थांबतात. हे मला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, वहीत लिहूनही घेतलं होतं, आणि तरी आम्ही जे करायचं तेच केलं.

विक्रीच्या टेबलाला की दिली कस्टमर आयडी. कागदावर उत्तम, लाखो वेगवेगळे आयडी, छान पसरतील. कोणाच्या लक्षात आलं नाही की काउंटरवर नाव न सांगता घेऊन जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बिलिंग सिस्टीम आयडी ० टाकते. असे निघाले २५ कोटी रेकॉर्ड. ० चं हॅश शेवटी एकच, त्यामुळे ते सगळे एकाच स्लाइसच्या डोक्यावर. बाकीच्यांकडे साधारण सव्वाचार-साडेचार कोटी आणि या बिचाऱ्याकडे २९ कोटी.

तरी सुरुवातीचे तीन महिने सगळे खूष होते, कारण रात्रभर चालणारा मार्जिन रिपोर्ट ११ मिनिटांत यायला लागला होता. ११ मिनिटं म्हणजे चमत्कारच वाटायचा, हा दोनच मिनिटांत यायला हवा असं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. मग एका रात्री अडीचला ऑपरेटरचा फोन.

"सर, लोड फेल झालाय. डिस्क फुल म्हणतंय."

"अरे संध्याकाळीच बघितलंय मी, ६० टक्केसुद्धा नव्हतं भरलेलं."

"आत्ताही ५८ च दाखवतंय सर. पण फुल म्हणतंय."

दोन्ही खरं होतं. एकूण ५८ टक्के, पण तो एक स्लाइस काठोकाठ भरलेला, आणि एक भरला की त्या टेबलात पुढचा लोड अडला, बाकी ३९ ठिकाणी कितीही जागा असू दे. आमच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक रेकॉर्ड कुठल्या स्लाइसवर आहे ते सांगणारा एक लपलेला कॉलम आहे, त्याच्यावर ग्रुप बाय लावून (म्हणजे स्लाइसवार गट करून) काउंट काढला, ४० ओळी आल्या, ३९ एकसारख्या आणि एक अशी की मी आधी चष्मा पुसला.

उपाय माहीत होता, बिल नंबरवर टेबल परत बांधायचं. पण नवीन टेबल बांधायला तात्पुरती जागा लागते आणि त्या स्लाइसवर तीच नव्हती! मग जुन्या स्टेजिंग (लोडच्या आधी डेटा तात्पुरता ठेवायच्या) टेबलांवर झाडू फिरवला, आणि एकेक महिन्याचा डेटा नव्या टेबलात हलव, जुन्यातून डिलीट कर असं सुरू केलं. डिलीट केल्यावर जागा लगेच सुटत नाही हे तेव्हा कळलं, रेकॉर्डवर फक्त खूण होते आणि साफसफाईची वेगळी कमांड चालवावी लागते. शनिवार-रविवार त्यातच गेला. पण बिलाचं हेडर आणि त्याच्या ओळी या दोन्ही टेबलांना बिल नंबर हीच की दिल्यामुळे एक जादा फायदा झाला, दोन टेबलं जॉइन करताना, म्हणजे जोडताना, डेटा इकडून तिकडे पाठवायला लागत नाही, जोडीदार त्याच स्लाइसवर बसलेला असतो. मार्जिन रिपोर्ट आता दोन मिनिटांच्या आत येतो.

तारखेवर डिस्ट्रिब्युशन करायचा मोह होतो बरं का, टाळा. एका दिवसाचे सगळे रेकॉर्ड एका स्लाइसवर जातात आणि "आजची विक्री दाखव" म्हटलं की एकटा राबतो, ३९ माश्या मारत बसतात. तारीख कामाला येते ती वेगळ्या जागी. बॉक्स डिस्कच्या प्रत्येक तुकड्यातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठी व्हॅल्यू टिपून ठेवतो, त्यावरून कुठला तुकडा वाचायचाच नाही ते त्याला समजतं. डेटा तारखेच्या क्रमाने आत गेला तर हे भन्नाट चालतं. आम्ही जुनी पाच वर्षं वेगवेगळ्या फाइलींमधून हाताला येईल तशी ओतली होती, त्यामुळे प्रत्येक तुकड्यात पाचही वर्षांच्या तारखा, आणि बॉक्स काय सोडणार, सगळंच वाचत बसायचा. तारखेने सॉर्ट करून परत भरलं तेव्हा फरक पडला.

ज्यात निराशा झाली ते पण सांगतो. जुन्या सिस्टीममधला कमिशनचा प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेला प्रोग्राम) कर्सर लावून एकेक रेकॉर्ड उचलणारा होता, तो नव्या बॉक्सवर जुन्यापेक्षा स्लो चालला. एवढा पैसा घालून स्लो! मीटिंगमध्ये माझं तोंड बघण्यासारखं झालं असेल. पण बॉक्सचा स्वभावच तो आहे, ट्रकने एकेक पुडी पोचवायला गेलं तर सायकलवाला पुढे जाणारच. सगळा लॉजिक एका इन्सर्ट-सिलेक्टमध्ये (सगळे रेकॉर्ड एकदम हाताळणाऱ्या कमांडमध्ये) परत लिहिला तेव्हा सुटलो. अशा प्रोसिजर तुमच्याकडे किती आहेत ते घ्यायच्या आधी मोजा, मायग्रेशनचा खरा खर्च तिथे आहे.

डॅशबोर्डचंही तसंच. एका पानावर ३० छोटे फिल्टर, प्रत्येकाची आपली क्वेरी, प्रत्येक क्वेरीला प्लॅन बनवायचा ठरलेला वेळ, आणि सोमवारी सकाळी सगळे मॅनेजर एकदम उघडणार. सोमवारी दहा वाजता बॉक्सची दमछाक व्हायची. शेवटी फिल्टरच्या याद्या बीआय टूलच्या (डॅशबोर्ड दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कॅशमध्ये नेल्या आणि वर्कलोडचे गट पाडले, छोट्या क्वेरींना राखीव हिस्सा, महिनाअखेरच्या जॉबला रात्रीचा. हे गट पहिल्याच दिवशी पाडायला हवे होते, एकाने जॉइनची अट विसरून दोन मोठी टेबलं एकमेकांवर सोडली (म्हणजे प्रत्येक रेकॉर्ड प्रत्येकाशी जोडला गेला) आणि टेम्प जागा संपवून सगळ्यांना बसवून ठेवलं, त्यानंतर आम्हाला सुचलं.

हार्डवेअरबद्दल फार बोलण्यासारखं नाही. १४ महिन्यांत दोन डिस्क गेल्या, दोन्ही वेळा स्पेअर आपोआप लागली, कॉपी होईपर्यंत काही तास क्वेरी रेंगाळल्या, इंजिनिअर येऊन बदलून गेला. हां, रॅक आला त्या दिवशीची गंमत, लिफ्टची वजन पेलायची क्षमता आम्ही तीनदा तपासली होती, सर्व्हर रूमच्या दाराची उंची कोणीच मोजली नव्हती. चौकट काढावी लागली.

क्लाउड का नाही घेतला असं विचारतात. ॲमेझॉनचा रेडशिफ्ट २०१३ पासून सगळ्यांसाठी खुला आहे, त्याआधी गूगलचा बिगक्वेरी आलेला, आम्ही दोन्हीकडे बघितलं होतं. तिथे स्टोरेज आणि प्रोसेसिंग वेगवेगळं वाढवता येतं, आमच्या बॉक्समध्ये जागा हवी असेल तर प्रोसेसरसकट पुढचा अर्धा रॅक घ्या, मधलं काही नाही. पण आमचा कामाचा लोड रोज तेवढाच, रात्रंदिवस, आणि डेटा आवाराबाहेर न्यायला परवानगी नव्हती. तुमचा कामाचा लोड महिन्यातून चार दिवसच चढत असेल तर अप्लायन्सच्या वाटेला जाऊ नका, बाकी २६ दिवस महागडं कपाट गरम होत उभं राहील.

आणि पीओसी (विकत घ्यायच्या आधीची चाचणी) घ्याल तेव्हा व्हेंडरचा नमुना डेटा घेऊ नका. तुमचा स्वतःचा द्या, तोही साफ न करता, ते आयडी ० वाले रेकॉर्ड असतील तसे. आम्ही दिला होता, पण "आधी क्लीन करून घेऊ" म्हणत त्यातले नेमके बिननावाचे गिऱ्हाईकच काढून टाकले होते. शिवाय एकट्या युझरचा टाइम बघू नका, २० जणांना एकाच वेळी बसवा आणि मागे लोड चालू ठेवा. ब्रोशरवर जो टेराबाइटचा आकडा असतो तो कॉम्प्रेशन (डेटा दाबून कमी जागेत बसवणं) धरून आहे का न धरता हे लेखी घ्या, आमच्याकडे चौपट सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात अडीच-पावणेतीन पट मिळतं.

घेतल्याचा पस्तावा आहे का, तर नाही. रात्रीचे फोन थांबलेत, इंडेक्सचा उद्योग गेला. बॉक्स आता ७१ टक्के भरलाय असं स्क्रीनवर दिसतं. मी मात्र सकाळी आल्याआल्या सगळ्यात भरलेला स्लाइस बघतो. आज तो ७३ वर होता.