‘६७ गुण झाले, कॅनडा पक्कं’ असं कोणी सांगितलं तर पैसे भरण्याआधी हे वाचा

कॅनडाच्या पीआरसाठी (तिथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी) एजंटकडे जायच्या विचारात असलेल्यांसाठी हे लिहितोय. ज्या खेळीत आमचे चार लाख नव्वद हजार गेले, तिच्यातला आकडा खरा असतो. म्हणूनच चांगली शिकलेली माणसंही तिच्यात अडकतात.

मी मेकॅनिकल इंजिनीअर, चाकणला क्वालिटीत आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीत गेलो तेव्हा वय ३६. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा झालेली होती, लिसनिंगला ७.५ आणि बाकी तिन्हींत ६.५. तिथल्या मॅडमनी माहिती भरून घेतली आणि एक रंगीत प्रिंट पुढ्यात ठेवली. वयाचे ११, डिग्रीचे २१, इंग्रजीचे २०, अनुभवाचे १५. बेरीज ६७, आणि खाली हिरव्या चौकटीत ‘पात्र’. ‘‘सर, सदुसष्टच लागतात, तुमचे बरोब्बर झालेत. पण वाढदिवस झाला की वयाचा एक गुण जाईल, मग फाइलच लागणार नाही. आजच सुरू करू या.’’

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फेडरल स्किल्ड वर्कर या पीआरच्या योजनेसाठी १०० पैकी ६७ लागतात, आणि ३७ व्या वर्षी वयाचे १० च मिळतात. त्यांनी गिळलं ते पुढचं. ६७ झाले की तुम्ही एक्स्प्रेस एंट्रीच्या, म्हणजे पीआरच्या ऑनलाइन रांगेत उभे राहता, एवढंच. निवड होते ती दुसऱ्या गुणांवर, १२०० पैकी. त्याला सीआरएस म्हणतात. त्या रांगेतल्या वरच्यांना पीआरसाठी अर्ज करायचं निमंत्रण येतं, बाकीच्यांचं प्रोफाइल बारा महिन्यांनी रद्द होतं.

माझे सीआरएस होते ३०३. पत्नीनं इंग्रजीची परीक्षा दिली नव्हती आणि तिचे काहीच गुण धरले नव्हते. वयाचे ६५, डिग्रीचे ११२, इंग्रजीचे ८८, आणि शिक्षण-अनुभवाला इंग्रजीची जोड म्हणून १३ आणि २५. त्या वर्षी कॅनडातच नोकरी करत असलेल्यांच्या निमंत्रणाच्या फेऱ्यासुद्धा ५०० गुणांच्या वर थांबत होत्या. म्हणजे पहिल्या दिवशीच त्या बाईंना माहीत होतं की या फाइलचं काही होणार नाही. तरी दीड लाख घेतले. पावतीवर ‘डॉक्युमेंटेशन सर्व्हिसेस’, आणि करारात बारीक अक्षरात ‘परतावा नाही’. प्रोफाइल त्यांच्याच ईमेलवर उघडलं. पासवर्ड मागितला की ‘सिस्टिममध्ये गडबड होते सर’ हेच उत्तर. प्रोफाइल उघडायला कॅनडा सरकार एक पैसाही घेत नाही, हे मला फार नंतर कळलं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो एका गोष्टीचा. चारही विभागांत अर्धा-अर्धा बँड वाढला असता, म्हणजे लिसनिंगला ८ आणि बाकीत ७, तर माझे सीआरएस एकदम ६५ नं वाढले असते. इंग्रजीचे २८ वाढतात, आणि जोडगुण जवळजवळ दुप्पट होतात. तेवढ्यानंही निमंत्रण आलं नसतं, पण कष्ट कुठे करायचे ते तरी कळलं असतं. पत्नीची परीक्षा, एखाद्या प्रांताचं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस (त्याचे ६०० मिळतात), फ्रेंच, यातलं एक अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नाही. माणसाला त्याचे गुण कशानं वाढतील ते सांगणं हेच तर सल्लागाराचं काम!

त्याऐवजी दोन-तीन महिन्यांनी दुसरा फोन आला. ‘‘स्कोअर थोडा कमी पडतोय, जॉब ऑफर घेतली की ५० मिळतील.’’ त्याचे तीन लाख चाळीस हजार. यातले लाख रुपये रोख मागितले. ओंटारिओतल्या एका कारखान्याचं पत्र आलं. लेटरहेडवरचा लोगो फाटल्यासारखा दिसत होता, ईमेल जीमेलचा, आणि एलएमआयएच्या (परदेशी कामगार घ्यायला मालकाला लागणाऱ्या सरकारी मंजुरीच्या) क्रमांकाची जागा कोरी. मुळात जॉब ऑफरचे सीआरएस गुण कॅनडानं २५ मार्च २०२५ पासून काढूनच टाकले होते. ६७ च्या हिशोबात ऑफरचे १० अजून धरतात, पण रांगेत तिचे शून्य. जी गोष्ट उरलीच नव्हती, ती आम्हाला विकली. आणि खऱ्या ऑफरसाठीसुद्धा एलएमआयएची फी मालकानं भरायची असते, कामगाराकडून ती वसूल करणं तिथे बेकायदेशीर आहे.

ते पत्र अर्जाला लागलं नाही, हे आमचं नशीब. खोटा कागद सापडला तर कॅनडा पाच वर्षं दार बंद करतं, आणि ते अर्जदाराला. एजंट नामानिराळा.

त्यांच्या कार्डावर लायसन्सचा नंबर होता. कॅनडात इमिग्रेशनचा सल्ला पैसे घेऊन देणाऱ्याला तिथल्या ‘कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स’चं लायसन्स लागतं, नाहीतर तो वकील तरी असावा लागतो (क्यूबेकमध्ये नोटरीही चालतो). कॉलेजची यादी सगळ्यांना बघता येते. नंबर टाकला तर तो टोरांटोतल्या दुसऱ्याच कुणाचा निघाला. त्यांना मेल केला. उत्तर आलं की या कन्सल्टन्सीशी माझा काहीही संबंध नाही, माझा नंबर परस्पर वापरलाय. खरा प्रतिनिधी तुमच्याकडून नेमणुकीच्या फॉर्मवर सही घेतो आणि अर्जात स्वतःचं नाव घालतो. आमच्याकडून असा फॉर्म कधी भरून घेतलाच नाही.

पैसे मागितल्यावर टोलवाटोलवी सुरू झाली, मग फोन बंद. आता पोलिसांत तक्रार दिली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात प्रकरण दाखल केलं आहे. करार, बँकेतून गेलेले पैसे आणि व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं संभाषण हाताशी आहे, त्याच्या जोरावर वकील म्हणतात की बाजू भक्कम आहे. रोख दिलेल्या लाखाची मात्र पावती नाही, त्याबद्दल ते काहीच बोलत नाहीत. तुम्ही कुणाला पैसे दिले असतील तर त्यांचे मेसेज, व्हॉइस नोट्स, ती रंगीत प्रिंटसुद्धा जपून ठेवा. आणि ऑनलाइन दिलेले पैसे गेल्याचं लगेच लक्षात आलं असेल तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.