कर्नल कंपाइल करताना: डिस्ट्रोची कॉन्फिग घ्यावी की लोकलमॉडकॉन्फिग?

स्वतः कंपाइल केलेला (सोर्सपासून तयार केलेला) लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, बूट होत नाही, किंवा बूट होऊनही वायफाय आणि आवाज गायब असतात, तेव्हा दोष बहुधा कोडमध्ये नसून कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचे त्या यादीत, असतो. म्हणून ती फाइल कोणत्या मार्गाने तयार करायची, हे आधीच ठरवावे.

चालू कर्नलची, म्हणजे डिस्ट्रोची (उबंटूसारख्या लिनक्स वितरणाची) कॉन्फिग बूट डिरेक्टरीतून घेऊन ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ (नव्या पर्यायांना ठरलेली उत्तरे भरणारी आज्ञा) चालवले, तर बिल्ड करताना हजारो मॉड्यूल (गरजेनुसार लोड होणारे कर्नलचे भाग, बहुतेक ड्रायव्हर) तयार होतात. जुन्या लॅपटॉपवर त्याला कित्येक तास लागतात, आणि परभणीच्या मे महिन्यात त्याचा पंखा क्षणभरही थांबत नाही. (मध्येच लाइट गेली तरी पुन्हा ‘मेक’ दिल्यावर काम सहसा पुढे चालू होते.) उलट २००९ मध्ये २.६.३२ आवृत्तीसोबत आलेले ‘लोकलमॉडकॉन्फिग’ त्या क्षणी लोड झालेली मॉड्यूल तेवढी ठेवते आणि बाकीची गाळते, त्यामुळे वेळ फारच कमी लागतो.

खरी मेख ‘त्या क्षणी’ या शब्दांत आहे. गावाकडे माझे इंटरनेट मोबाइलच्या यूएसबी टेदरिंगवर चालते. कॉन्फिग करताना मोबाइल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला होता. नव्या कर्नलमध्ये ‘आरएनडीआयएस_होस्ट’ हे टेदरिंगचे मॉड्यूल आलेच नाही आणि केबल जोडूनही नेटवर्क दिसेना. ग्रबच्या (बूट होताना कर्नल निवडायच्या मेन्यूच्या) ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जुना कर्नल शाबूत होता, म्हणून निभावले. या मार्गाने जाणाऱ्याने मोबाइल, पेनड्राइव्ह, प्रिंटर असे सगळे आधी एकेकदा जोडून घ्यावे.

डिस्ट्रोच्या कॉन्फिगची दुखणी वेगळी आहेत. उबंटूत तिच्यातील प्रमाणपत्राच्या फाइलचा मार्ग सोर्समध्ये सापडत नाही आणि बिल्ड अडते. कॉन्फिगमधले ‘सिस्टम_ट्रस्टेड_कीज’ आणि नव्या आवृत्त्यांत ‘सिस्टम_रिव्होकेशन_कीज’ही रिकामे केले की काम होते. डीबग माहितीमुळे इनिटआरडी (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या ड्रायव्हरांची फाइल) शेकडो मेगाबाइटांची होऊन बूट पार्टिशन भरते; त्यावर मॉड्यूल इन्स्टॉल करताना ‘इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१’ देणे हा उपाय आहे. मात्र ही दुखणी बिल्ड किंवा इन्स्टॉल करतानाच उघड होतात, तर गाळलेला ड्रायव्हर महिन्याभराने प्रिंटर जोडल्यावर आठवतो.

‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ हा पॅनिक (मुख्य फाइलसिस्टम जोडता न आल्याने कर्नलचे थांबणे) दोन्हीकडे येऊ शकतो. तेव्हा प्रथम इनिटआरडी तयार झाली आहे का, आणि मग डिस्कचा व फाइलसिस्टमचा ड्रायव्हर तिच्यात आहे का, हे पाहावे. सिक्युअर बूट चालू असेल, तर सही नसलेला कर्नल कोणत्याही कॉन्फिगने केला तरी अडवला जातो.

घरात एकच यंत्र आणि इंटरनेट मोबाइलवर असेल, तर मी डिस्ट्रोचीच कॉन्फिग घेईन आणि बिल्ड रात्री लावून झोपेन. लोकलमॉडकॉन्फिग प्रयोगाच्या जुन्या डेस्कटॉपसाठी ठेवेन.