पाइप कोरायचाय: ड्रेमेल, फोरडॉम की मायक्रोमोटर?

तंबाखूचा पाइप घडवताना बाहेरचं बरंचसं लाकूड सँडिंग डिस्कवर भराभर उतरतं. अडतं ते वाटी आणि दांडी जिथे मिळतात त्या आतल्या वळणावर. तिथे डिस्क पोचत नाही, कानस घातली तर दिवस जातो. फिरत्या बरचं (लाकूड कोरणारं छोटं दातेरी टोक) हत्यार घ्यायचं ते मुख्यतः या दोन बोटं जागेसाठी, आणि मग पृष्ठभागावर खडबडीत नक्षी उठवायला.

माझं मत आधीच सांगतो: पाइप करत राहायचं असेल, तर पहिले पैसे लटकत्या मोटरवर, म्हणजे फोरडॉमवर घाला.

बहुतेक जण खोक्यावरचे फेरे बघून भुलतात. हातात धरायच्या ड्रेमेलचं ‘४०००’ हे मॉडेल मिनिटाला ३५,००० फेऱ्यांपर्यंत जातं, फोरडॉमची एसआर मोटर १८,०००वरच थांबते. पण पाइपचं लाकूड, ब्रायर, ही भूमध्य सागराकाठच्या झुडपाची मुळाशी वाढलेली गाठ, चांगलीच कठीण. तिच्यात बर रुतला की कामाला येतो तो कमी वेगातला जोर. ड्रेमेलचा वेग उतरवून बर दाबला की मोटर दमते, तापते, आणि तिचं धूड हातातच असल्यामुळे मनगटही दुखतं. एसआरची १/६ अश्वशक्तीची मोटर हुकाला टांगलेली असते, हातात येतो फक्त लवचीक शाफ्टच्या टोकाचा, बर धरणारा हँडपीस. वेग पायाखालच्या पॅडलवर. बर वळणाच्या कडेला आला की पाय सैल सोडायचा, पुढे मोकळं लाकूड दिसलं की दाबायचा. दोन्ही हात पाइपवरच राहतात. ड्रेमेललाही लवचीक शाफ्ट जोडता येतो, पण हे पॅडलचं सुख त्यात मिळत नाही.

बरच्या दांड्याचंही बघा. ड्रेमेलमध्ये साधारण ३.२ मिमीपर्यंतचा दांडा बसतो. फोरडॉमला योग्य हँडपीस लावला तर ६ मिमीचे जाड कार्बाइड बरही चालतात, आणि खोबण बघता बघता मोकळी होते. मात्र शाफ्ट फार वाकवू नका आणि त्याला वेळेवर ग्रीस द्या.

मायक्रोमोटर म्हणजे दातांच्या लॅबमध्ये असते ती. हँडपीस पेनासारखा, थरथर जवळजवळ नाही. लाकूड उतरवायला ती कमजोर, पण तोंडात धरायच्या टोकाची फट रुंद करायला तिच्यासारखं काही नाही. नळीचं गोल भोक टोकाशी पंख्यासारखं पसरवावं लागतं, तरच धूर जिभेवर एका जागी आदळत नाही आणि सफाईची तारही सहज जाते. २.३५ मिमी दांड्याचे बारीक बर इथे नेमके बसतात. ही नळी एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असेल, तर वेग कमीच ठेवा. गंधकाचा उग्र वास आला की बर ताबडतोब उचला.

आधीच भोकं पाडलेला ठोकळा आणून वर्षाकाठी एखादाच पाइप करणाऱ्याला ड्रेमेल पुरते. मोठी मोटर घेऊन ती पडून राहण्यात अर्थ नाही.

फोरडॉम अमेरिकन कंपनी आहे. परदेशातून मोटर आणवत असाल तर २३० व्होल्टचंच मॉडेल मागवा, तिकडची ११५ व्होल्टची मोटर इथल्या प्लगला थेट लावली तर जळेल. धुळीसाठी चांगला मास्क मात्र तिन्हींपैकी काहीही घेतलंत तरी त्याच दिवशी आणा. ब्रायरची भुकटी फार बारीक असते, छातीत जाते.