तेलवाहिनीचा तंटा आणि इक्सिडचा लवाद: एक परीक्षण

देशाची सीमा ओलांडणाऱ्या तेलवाहिनीचा परवाना सरकारने मध्येच काढून घेतला, तर परदेशी कंपनीने दाद कोठे मागावी? अशा वेळी बहुतेक वकील ज्या संस्थेचे नाव सर्वांत आधी घेतात, ती म्हणजे वॉशिंग्टन येथे जागतिक बँकेच्या छत्राखाली काम करणारे आंतरराष्ट्रीय गुंतवणूक वाद निवारण केंद्र, अर्थात इक्सिड. 1966 मध्ये सुरू झालेली ही संस्था स्वतः न्यायनिवाडा करत नाही. ती दाव्याची नोंद करते, लवाद मंडळाच्या नेमणुकीस साहाय्य करते आणि कामकाजाची व्यवस्था पाहते. निवाडा देतात ते त्या प्रकरणापुरते नेमलेले, बहुधा तीन, लवाद. ही सेवा तेलवाहिनीच्या वादात कितपत उपयोगी पडते, हे मी मुख्यतः कीस्टोन एक्सएल या एकाच प्रकरणाच्या आधारे तपासले आहे, कारण तिचे बळ आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्यात एकत्र दिसतात.

कॅनडातील हार्डिस्टी येथून अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात रोज 8,30,000 पिंपे तेल नेण्याची ही योजना होती. सीमा ओलांडण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा परवाना लागत असे. प्रकल्पाच्या मालक असलेल्या कॅनडातील कंपनीने 2008 मध्ये अर्ज केला, ओबामा प्रशासनाने तो नोव्हेंबर 2015 मध्ये नाकारला आणि 2016 मध्ये कंपनीने नाफ्टा, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातील मुक्त व्यापार करारान्वये इक्सिडकडे 15 अब्ज डॉलरहून अधिक भरपाईचा दावा दाखल केला. पुढे ट्रम्प यांनी 2017 मध्ये परवाना दिल्यावर तो दावा मागे घेण्यात आला. बायडेन यांनी 20 जानेवारी 2021 रोजी, म्हणजे पदग्रहणाच्याच दिवशी, परवाना रद्द केला. जूनमध्ये कंपनीने प्रकल्प सोडून दिला आणि त्याच वर्षी पुन्हा तेवढ्याच मोठ्या रकमेचा दावा लावला.

येथे या सेवेचा खरा स्वभाव कळतो. परवाना रद्द करणे न्याय्य होते की अन्याय्य, हा प्रश्न लवाद मंडळापुढे निर्णयासाठी आलाच नाही. नाफ्टा 1 जुलै 2020 रोजी संपुष्टात येऊन त्याची जागा नव्या त्रिपक्षीय कराराने घेतली होती. त्या कराराच्या एका परिशिष्टाने जुन्या गुंतवणुकींसाठी तीन वर्षे दावा दाखल करण्याची मुभा ठेवली होती. ही मुभा केवळ नाफ्टा अस्तित्वात असताना घडलेल्या कृत्यांसाठी आहे की नंतरच्याही, एवढाच मुद्दा निर्णायक ठरला. जुलै 2024 मध्ये मंडळाने दोन विरुद्ध एक अशा मताने पहिला अर्थ स्वीकारला आणि अधिकारक्षेत्राअभावी दावा फेटाळला. नाफ्टा संपणे आणि परवाना रद्द होणे यांतील साडेसहा महिन्यांच्या अंतराने एवढ्या मोठ्या दाव्याचे दार बंद झाले. आता कॅनडा आणि अमेरिका यांच्यात अशा गुंतवणूक दाव्यांची सोयच उरलेली नाही, त्यामुळे उद्या असाच प्रसंग आला तर कॅनडातील कंपनीला या कराराच्या आधारे इक्सिडकडे जाता येणार नाही.

तरीही सेवा म्हणून मी इक्सिडला कमी लेखणार नाही. प्रकरणांची नोंदवही सर्वांना खुली आहे, आणि ज्या वादात जनतेचा पैसा व जमीन गुंतलेली असते, तेथे हा खुलेपणा मला अत्यंत मोलाचा वाटतो. निवाड्यावर अपील नाही, तो रद्द करून घेण्याची कारणे मोजकी आहेत, आणि ठरलेली रक्कम सदस्य देशाने आपल्याच न्यायालयाच्या अंतिम निकालाप्रमाणे वसूल करून द्यावी, असे बंधन आहे. जिंकलेल्या पक्षाला एवढे भक्कम संरक्षण अन्यत्र क्वचितच मिळते. उणीव आहे ती वेळेची आणि उपायाची. नाफ्टाखालील मंडळाला भरपाई किंवा मालमत्ता परत करण्याचा आदेश देता येत असे. थांबलेली वाहिनी पुन्हा उभी राहील, अशी अपेक्षा घेऊन तेथे जाण्यात अर्थ नव्हता.

निवाडा मिळूनही तेल वाहतेच असे नाही, हे इराक आणि तुर्कस्तान यांच्या वादात दिसले. ते प्रकरण इक्सिडचे नव्हे, तर पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाच्या लवादाचे होते. बगदादच्या, म्हणजे इराकच्या केंद्र सरकारच्या, संमतीविना कुर्दिस्तान या इराकमधील स्वायत्त प्रदेशाचे तेल वाहिनीतून तुर्कस्तानातील जेहान बंदराकडे जाऊ दिल्याबद्दल इराकने 2014 मध्ये दावा लावला, आणि 2023 मध्ये तुर्कस्तानने सुमारे 1.5 अब्ज डॉलर द्यावेत असा निर्णय झाला. परिणाम असा की 25 मार्च 2023 पासून वाहिनीच बंद पडली. कुर्दिस्तानात विहिरी खोदणाऱ्या कंपन्या त्या दाव्यात पक्षकारही नव्हत्या, पण त्यांची निर्यात थांबली. वाहिनी पुन्हा सुरू झाली ती 27 सप्टेंबर 2025 रोजी, आणि तीही बगदाद, एर्बिल (कुर्दिस्तानचे प्रादेशिक सरकार) व कंपन्या यांच्यातील वाटाघाटींमुळे, ज्यात कंपन्यांना तूर्त पिंपामागे 16 डॉलर देण्याची तजवीज होती. अडीच वर्षे खर्ची पडल्यानंतर झालेली ही तडजोड मला त्या निवाड्याइतकीच महत्त्वाची वाटते.

म्हणून ही सेवा घेऊ पाहणाऱ्या कंपनीला, आणि तिच्याशी करार करणाऱ्या सरकारलाही, माझा सल्ला दावा दाखल करण्याच्या कितीतरी आधीच्या टप्प्याचा आहे. बाकू ते जेहान वाहिनीच्या वेळी अझरबैजान, जॉर्जिया आणि तुर्कस्तान या तीन देशांनी 1999 मध्ये आपसात करार केला आणि कंपन्यांशी प्रत्येक सरकारने स्वतंत्र करार केले. अशा करारात लवादाची संमती, लागू कायदा आणि करार संपल्यानंतर ती संमती किती काळ टिकेल हे स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे. ट्रम्प यांनी कीस्टोनसाठी 2019 मध्ये दिलेल्या नव्या परवान्यात तो राष्ट्राध्यक्षांच्या इच्छेनुसार केव्हाही रद्द होऊ शकतो, असे वाक्य होते. परवान्याचे ते वाक्य आणि गुंतवणूक करारातील संमतीचे कलम ही दोन्ही, पहिला पाइप जमिनीत जाण्यापूर्वी, एकत्र ठेवून वाचायला हवीत.