कार्यक्रमाआधी आवाज तापवायचा: खर्ज की स्ट्रॉ?

सकाळच्या रियाजाला खर्जच, म्हणजे मंद्र (खालच्या) सप्तकातले लांब सूर, त्यात माझा वाद नाही. काळी एकचा (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरातला) तानपुरा लावून पाऊण तास मंद्रात बसलं की आवाजाला जो गोलावा येतो, तो मला दुसऱ्या कशाने आलेला नाही. प्रश्न आहे संध्याकाळचा: तेव्हाही खर्ज, की पाण्यात बुडवलेल्या स्ट्रॉमधून हुंकार? साडेसातला कार्यक्रम, आणि तुम्ही पावणेसातला ऑफिसातून निघून दादरच्या पुलावर गर्दीत अडकलेले.

बरीच वर्षं मी तिथेही खर्जच लावत आलो. झोपून उठल्यावर गळा मंद्र पंचमाच्या खाली आपसूक उतरतो, दिवसभर बोलून झालं की तोच गळा तिथे खरखरतो. एवढं चालवून घेतलं असतं. पण ग्रीनरूम! पार्ल्यात एकदा माझ्याआधी एक ताई गाणार होत्या. खोली एकच. त्यांची पट्टी, म्हणजे गाण्याचा सा, काळी पाच, माझी काळी एक. दोघांचे तानपुरे फोनवर, हातभर अंतरावर. म्हणजे त्यांचा सा माझ्या धैवतावर. त्यात तबलजींची हातोडी टकटक चालूच. डोळे मिटून वीस मिनिटं खर्ज शोधला आणि मंचावर पहिला सा बसायला बड्या ख्यालाची (संथ लयीतल्या बंदिशीची) तालाची दोन आवर्तनं गेली.

स्ट्रॉला पट्टीच लागत नाही. ती बाटलीतल्या पाण्यात दोन बोटं खोल बुडवायची, तिच्याभोवती ओठ मिटून हुंकार द्यायचा आणि मींड घेतल्यासारखं, सूर न तोडता, खालून वर, वरून खाली सरकायचं. नळीतून हवेचा दाब उलटा येतो, त्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटत नाहीत. अमेरिकेतले आवाजाचे अभ्यासक इंगो टिट्झे यांनी हा प्रकार बराच लोकप्रिय केला. मी तो लोकलमध्येही करतो, लोकांना वाटतं ताक पितोय. २०२२ पासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे आणि कागदी दहा मिनिटांत लगदा होतो, तेव्हा स्टीलचीच घ्या.

खर्जाचं वजन यात येत नाही, हे कबूल. विलंबितातला (संथ लयीतला) पहिला आलाप जरा पातळ वाटतो. पण तार षड्ज (वरचा सा) मात्र मोकळा लागतो, निदान माझा तरी. तुमचा गळा वेगळा असेल.

आणि तुम्हाला स्वतंत्र खोली मिळत असेल तर खुशाल खर्ज लावा. मला अजून मिळालेली नाही.