१२ आठवड्यांचा सोलर कोर्स: फी वसूल झाली, पण प्लेसमेंटमुळे नाही

पाचपैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा कुठे गेला ते पुढे येईलच.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं मत किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. ११ वर्षं मोटर रिवायंडिंग केलं. जळलेली मोटर खोलायची, काळं पडलेलं तांबं उपसायचं, नव्या कॉइल भरायच्या, वार्निश मारून भट्टीत टाकायची आणि शेवटी मेगर लावून बघायचं की कुठे बॉडीला लागत नाही ना. काम आवडीचं होतं. पण छोटी मोटर जळली की हल्ली लोक दुरुस्तीला आणत नाहीत, नवीच घेतात. चाळिशी जवळ आल्यावर वाटलं, आता हलायला हवं. सोलर टेक्निशियनचा कोर्स लावला. फी माझ्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी. संस्थेचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रारी आहेत.

पहिल्या दिवशी पडद्यावर मोठा आकडा. आयरेना या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये जगभरात सोलर पीव्हीमध्ये, म्हणजे उन्हापासून वीज करणाऱ्या पॅनेलांच्या धंद्यात, ७० लाखांहून जास्त लोक कामाला होते. आकडा खरा आहे. त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या चीनमध्ये होते, हे मात्र पडद्यावर नव्हतं. माझ्या शेजारच्या पोराने वहीत ‘७० लाख’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

सुरुवातीचे तीन आठवडे थिअरी, आणि त्यातली निम्मी उगाच. १८३९ मध्ये बेकेरेलने काय पाहिलं, १९५४ मध्ये बेल लॅब्जच्या सिलिकॉन सेलची कार्यक्षमता ६ टक्के होती, हे सगळं घोकायला लावलं, वर परीक्षाही घेतली. आजची चांगली पॅनेलं २२ टक्क्यांच्या आसपास असतात. एवढी तुलना सांगून पुढे गेले असते तरी चाललं असतं.

तापमानाचा धडा मात्र रोज कामी येतो. पॅनेलवर छापलेले वॅट हे सेल २५ अंशांवर असताना आणि चौरस मीटरला १००० वॅट ऊन असतानाचे. छतावर तापलेला सेल ६५ अंशांपर्यंत सहज जातो, आणि दर अंशामागे साधारण ०.३४ टक्के वॅट गळतात. म्हणजे ५५० चं पॅनेल भर उन्हात ४७५ च्या आसपास देतं. ‘एवढं कडक ऊन, मग वीज कमी कशी?’ असं विचारणारा माणूस आठवड्याला एक तरी भेटतो. तेव्हा हेच गणित त्याच्यासमोर कागदावर मांडतो.

चौथ्या आठवड्यात प्रॅक्टिकलचे मास्तर आले. रागीट माणूस, पण हाताला डोळे असलेला. त्यांनी फळ्यावर लिहिलं: एका पॅनेलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीच लोड नसतानाचं) ४९.५, स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एका माळेत, २० पॅनेलं, इन्व्हर्टरची (पॅनेलांच्या डीसीचा एसी करणाऱ्या यंत्राची) मर्यादा १००० व्होल्ट. चालेल का? आम्ही सगळे एका सुरात, ‘९९० होतात सर, चालेल.’

‘थंडीत पहाटे ५ अंश असतील तर?’

वर्गात चिडीचूप. वॅटचं कमी-जास्त आम्ही शिकलो होतो, पण थंडीत व्होल्टेज वाढतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. अंशामागे ०.२७ टक्के, २० अंशांचे ५.४ टक्के, ९९० चे झाले १०४३. मास्तर म्हणाले, ‘तुमचा इन्व्हर्टर उन्हाळाभर चालेल आणि हिवाळ्यात एका सकाळी मरेल. मालक म्हणेल कंपनीने खराब माल दिला.’ एवढं बोलून त्यांनी फळा पुसला आणि आम्हाला अंगणात नेलं.

अंगणात दोन पॅनेलं जोडून लोड लावला होता. मध्ये जाड पारदर्शक पडदा, मास्तरांच्या हातात रबरी मोजे. चालू लोडवर त्यांनी एक जुना कनेक्टर हळूच सोडवला. मी आयुष्यभर एसीवर काम केलेला माणूस. स्विचमधली ठिणगी मला नवी नव्हती, चट्‌ वाजली की संपली. ही संपलीच नाही. दोन टोकांच्या मध्ये निळसर पांढरी दोरी ताणल्यासारखी उभी राहिली, टोकं लांब नेली तशी तीही लांबली, आणि प्लास्टिक वितळून थेंब खाली पडायला लागले. ५० हर्ट्झचा एसी सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, म्हणून आर्कला, म्हणजे त्या ठिणगीला, विझायला सवड मिळते. डीसी शून्यावर येतच नाही. हे मला पुस्तकातून कधीच पटलं नसतं. आणि ही फक्त दोन पॅनेलं होती. छतावर अशीच अठरा-वीस एका माळेत असतात आणि उजेड आहे तोवर त्यांना बंद करणारं बटण नसतं. त्या दिवसापासून क्लॅम्प मीटरवर करंट शून्य दिसल्याशिवाय मी कनेक्टरला हात लावत नाही.

क्रिम्पिंगचे, म्हणजे तारेवर पिन दाबून बसवायचे, दोन दिवस म्हणजे या कोर्सचा आत्मा. पॅनेलांच्या केबल जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरची पिन पकडीने दाबली तरी वरून बरोबरच दिसते, हीच त्यातली गोम. मास्तर प्रत्येकाचा जोड करवतीने आडवा कापून भिंगाखाली दाखवायचे. माझ्या पहिल्या तीन जोडांत तारांच्या मध्ये काळ्या फटी होत्या. ११ वर्षं तांब्यात घालवलेल्या माणसाची जिरली. चौथा जोड बरोबरच्या क्रिम्पिंग टूलने केला, तो कापल्यावर तारा वेगळ्या दिसेनात, अख्खं एकच तांबं. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी बसवायचे नाहीत, हेही तिथेच कळलं. टक्‌ आवाज येतो, पाणीही पहिल्या पावसात आत जात नाही, आणि मग कधीतरी जोड तापून जळतो.

आता कापलेल्या दीड ताऱ्याकडे येतो.

अर्धा तारा उंचीवरच्या सुरक्षेसाठी कापला. २४ विद्यार्थी आणि हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) एक. प्रत्येकाने अंगात घालून फोटो काढला, झाला धडा. खऱ्या छतावर पहिल्या दिवशी माझ्या अंगात हार्नेस होता, कमरेला दोरी होती, आणि हुक कशाला अडकवायचा हेच मला माहीत नव्हतं. पन्हळीच्या कडेला? स्ट्रक्चरला? बरोबरच्या जुन्या गड्याने लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवायची दोरी, बांधून दाखवली, तोवर मी शिडीवरच उभा. या धंद्यात विजेइतकंच, किंबहुना जास्तच, पडण्याला घाबरायला हवं. एवढी फी घेणाऱ्या संस्थेने यावर अर्धा तास खर्चावा, हे मला अजून खटकतं.

उरलेला एक अख्खा तारा ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चा. मला तीन ठिकाणी पाठवलं. पहिल्या ठिकाणी फोनवर गिऱ्हाइकं गाठायची होती, दिवसाला ८० कॉल. दुसऱ्या ठिकाणी स्ट्रक्चरचे लोखंडी पाइप वर चढवायचे, रोजंदारीवर, आणि तेही साइट संपेपर्यंत. तिसऱ्या ठिकाणी सहा महिने बिनपगारी शिकाऊ. संस्थेच्या वहीत या तिन्ही ‘संधी दिल्या’ म्हणून लागल्या. शेजारच्या त्या पोराने कॉलचं काम घेतलं. वाईट वाटायचं कारण नाही, तो बोलका आहे, आता सोलर विकण्यात माझ्यापेक्षा जास्त कमावतो. पण मग त्याला करवतीने जोड कापायला कशाला शिकवलं, हा प्रश्न उरतोच.

मला काम मिळालं ते माझ्या जुन्या धंद्यामुळे. एका मोठ्या प्लांटवर पॅनेलं धुवायच्या पंपाची मोटर जळली होती, ती भरून द्यायला गेलो. पंप बसवता बसवता तिथल्या देखभालीच्या माणसांचं बोलणं कानावर पडलं. एक इन्व्हर्टर रोज सकाळी इन्सुलेशनचा फॉल्ट दाखवून अडून बसायचा आणि दहा वाजता आपोआप सुरू व्हायचा. दहाला फॉल्ट गायब, मग शोधायचा काय? मी म्हटलं, दव असताना सहा वाजता बोलवा.

सकाळी स्ट्रिंग वेगळी केली. १८ पॅनेलं, ८२८ व्होल्ट, म्हणजे पॅनेलमागे ४६. पॉझिटिव्ह ते अर्थिंग मोजलं, ५५२. निगेटिव्ह ते अर्थिंग, २७६. ५५२ ला ४६ ने भागा, बारा. पॉझिटिव्हकडून बाराव्या आणि तेराव्या पॅनेलच्या मध्ये कुठेतरी जमिनीला वाट मिळत होती. मोटरची कॉइल बॉडीला कुठे लागली हे मी असंच दोन्ही टोकांकडून मोजून शोधत आलो होतो. जाऊन बघितलं तर केबल टाय तुटलेला, कनेक्टर खाली लोंबकळून पत्र्याच्या पन्हळीत पडलेला, पाण्यात. ऊन आलं की पाणी सुकायचं आणि फॉल्ट पळायचा. कनेक्टर बदलला, केबल वर बांधली, मेगर लावला. आयईसी ६२४४६-१ या मानकात अशा व्होल्टेजला किमान १ मेगाओम लागतो. इथे काटा त्याच्या कितीतरी पुढे गेला. त्याच आठवड्यात मला कामावर घेतलं.

कोर्स केला नसता तर फॉल्ट कदाचित सापडला असता, पण कनेक्टर मी पकडीने दाबला असता आणि मानकाचं नाव मला सांगता आलं नसतं. म्हणून साडेतीन.

आज पावणेदोन वर्षं देखभालीतच आहे आणि इथून हलायचा विचार नाही. उभारणीचं काम प्लांट सुरू झाला की संपतं, टोळी पुढच्या साइटवर जाते. पॅनेलं तिथेच राहतात, त्यांची वॉरंटीच २५ ते ३० वर्षांची असते. इन्व्हर्टर तेवढे टिकत नाहीत, १० ते १५ वर्षांत बदलावे लागतात. मधल्या काळात उंदीर केबल कुरतडतात, पक्षी घाण करतात, नट ढिले होतात, फ्यूज जातात. थर्मल कॅमेऱ्यात एखादा सेल लालभडक दिसतो आणि मग तुम्ही जाऊन बघता की वर नुसतं एक पान चिकटलंय. मला असला छडा लावायला आवडतो. ज्याला रोज नवीन गाव, नवीन छत हवं, त्याने उभारणीत जावं. संगणकावर बसायचं असेल तर डिझाइन. पण त्यासाठी पीव्हीसिस्ट हे प्लांटच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर नीट यायला हवं, आणि या कोर्समध्ये ते दोन दुपारींत उरकलं. चार जणांना मिळून एक लॅपटॉप, माझ्या वाट्याला माउस आलाच नाही.

अशा कुठल्याही कोर्सला पैसे भरण्याआधी मागच्या बॅचच्या पाच जणांचे फोन नंबर मागा आणि त्यांना थेट विचारा, आज नेमकं काय काम करता. नंबर द्यायला कां-कूं केली तर समजून जा. क्रिम्पिंग टूल किती आहेत, हार्नेस किती आहेत, ते स्वतः मोजा. आणि प्रॅक्टिकलला कोण शिकवणार ते आधी नक्की करा. आमचे मास्तर सोडून जाणार अशी कुजबुज आहे. ते गेले असतील तर माझे साडेतीनातले दोन तारे त्यांच्याबरोबर गेले असं धरा.